दोन सेब, सहा कैऱ्या

मामा,

गावातली पोरं तुझ्यावर लहानशी पुस्तिका काढून राहिली आहेत. मला निरोप आला, "सगुणाताई, मामावर दोन शब्द लिहून पाठव. तू पुण्याले राहतेस, तुले चांगलं लिहिता येईल." पुण्याला राहून लिहिता आलं असतं तर मग काय पाहिजे होतं! नववी नापास झाले आणि आश्रमशाळेतून ट्रंक घेऊन तुझ्या दारात येऊन बसले, त्यानंतर मी लिहिल्या त्या फक्त सामानाच्या याद्या. मैदा, लोणी, दालचिनी, बटर पेपर. त्यातल्याही वेलांट्या माझ्या मालकीण, मॅडम, अजून सुधारतात.

बाकीचे काय लिहितील ते मला माहीत आहे. तू गायता होतास, गावाची पूजा तुझ्या हातानं व्हायची, भांडणात दोन्हीकडचे तुझंच ऐकायचे. सगळं खरंच आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला एका दुपारबद्दल लिहायचं आहे. त्या दुपारी परसात तू होतास, मामी होती, मी होते, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. एवढे दिवस ते खोटं कोरड्या पोह्यांच्या बोकण्यासारखं माझ्या घशात बसलेलं आहे. खाली जात नाही, वरही येत नाही.

आधी तुझ्या फोनचं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना पुढचं कळेल.

दर उन्हाळ्यात तुझा एक फोन यायचा. नेटवर्कसाठी तू टेकाडावर चढायचास, म्हणून सुरुवातीला नुसता दम ऐकू यायचा. मग म्हणायचास, "पोट्टे, झाला पंडुम. आता खा आंबा." बस, एवढंच. मॅडमना पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा त्यांना काही उमजेना. मी त्यांना समजावलं, की आमच्याकडं झाडाला कैरी लागली म्हणून कोणी लगेच तोंडात घालत नाही. आधी गाव जमतं. गायता नवी कैरी कापतो, धरतीला देतो, गेलेल्या माणसांना देतो, मग गाव खातं. त्या दिवसाला पंडुम म्हणतात. त्याच्या आधी लहान पोरगंसुद्धा मीठ लावून फोड खात नाही. मॅडम हसल्या. "मग गेल्या महिन्यात तू इथं पन्हं प्यायलीस, ते गं?"

मीही हसले. मॅडमच्या घरी केक-बिस्किटांच्या ऑर्डरचं काम चालतं, त्यांच्या स्वयंपाकघरात आंबा माघातच येऊन पडतो. रस गोड झाला का, आंबट राहिला का, ही चव बघायचं काम माझं. तुझा फोन यायचा तेव्हा दोन महिने आंबा खाऊन माझं तोंड आलेलं असायचं. तरी मी म्हणायचे, "हो मामा, आता खाईन." तू खूश व्हायचास. किती वर्षं हे चाललं ते मोजायची मला लाज वाटते. पण ते खोटं लहान होतं. मोठं पुढं आहे.

फोनवर मी तुला एका पदार्थाबद्दल सांगायचे, आठवतं? क्रिस्प. मॅडमकडं मला पहिल्यांदा जमलं ते तेच. केक बिघडला की मधोमध बसतो, सगळ्यांना दिसतं. बिस्किटं करपली की लपवता येत नाहीत. क्रिस्प मात्र माझ्यासारखीला सांभाळून घेतो. खाली फळाच्या फोडी, वर लोणी-पिठाचा चुरा, आणि भट्टीत ठेवायचं. फळ रटरटून कडेनं वर येतं, चुरा खरपूस होतो. कापायची भानगड नाही. गरम असतानाच चमच्यानं उपसायचा. आकाराला मार्क नाहीत, नुसते चवीला. मला वाटायचं, माझ्या शाळेत असं असतं तर मी दहावी झाले असते.

"हे कव्हा खातेत?" तू विचारलं होतंस.

"जेवण झाल्यावर. शेवटी."

"पोट भरल्यावर? काऊन?"

"गोड खातात, मामा."

"मंग आधी पोट कमी भराचं ना!" आणि मागून मामीचा आवाज, "तिले शिकवून राह्यले काय? ती पुण्याची हाय आता." तू म्हणालास, "पुण्याची कशाची? जेवल्यावर पुन्हा जेवणाऱ्याची."

पण गावभर सांगत फिरायचास. आमची पोट्टी पुण्यात भट्टी चालवते. लोखंडाची पेटी हाय, लाकूड नाई, धूर नाई, बटन दाबलं का जाळ. मी नापास होऊन आले तेव्हा दारातले लोक हळहळत होते आणि तू एकच विचारलं होतंस, "जेवली काय?" तेव्हापासून मला तुला काहीतरी पास होऊन दाखवायचं होतं. काहीही. मला वाटलं, एकदा तुला क्रिस्प खाऊ घातला की झालं.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात चार दिवसांची रजा घेऊन आले. मॅडमनी चांगली आठ सफरचंदं बांधून दिली. पुण्याहून बल्लारशापर्यंत गाडी, पुढं बस, चामोर्शीहून जीप, जीप जिथं सोडते तिथून पायी. सफरचंदं मी मांडीवरून खाली ठेवली नाहीत.

तू अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसला होतास. मी आल्या आल्या विचारलं, पंडुम कधी? झाडं कैऱ्यांनी वाकली होती, परसात सडा पडला होता.

"तीन घरं अजून तेलंगणातच हायेत," तू म्हणालास. "मिरची तोडाले गेलेत. ते आले का करू."

"माझी रजा चारच दिवस आहे."

"तुझी रजा तुझ्या मॅडमच्या हातात. पंडुम काई तिच्या हातात नाई."

मामी हसली. मला हसू आलं नाही. प्रवासानं डोकं तापलं होतं, आणि खरं सांगते, मॅडमच्या घरचं बोलणं माझ्या तोंडात बसलं होतं. मी म्हणाले, कैऱ्या गळून चालल्या, तीन घरांसाठी चाळीस घरांनी का थांबायचं?

तू कामटीवरून नजर वर केलीस. "जो गावात नाई, त्याच्या वाटचं आपण आधी खाऊन बसलो, तर त्यानं वापस काऊन यावं?"

"असल्या नेमांमुळंच आपण मागं राहिलो," मी म्हणाले.

कोयता पुन्हा बांबूवर चालायला लागला. ते भांडण तिथंच राहिलं, मामा. तू उत्तर दिलं असतंस तर मी आणखी चार वाक्यं बोलले असते आणि मोकळी झाले असते. तू गप्प बसलास, म्हणून ते वाक्य अजून तिथंच, अंगणात, कामट्यांच्या ढिगावर पडलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सफरचंदांची पिशवी उघडली. सहा सडली होती. बाहेरून लाल आणि बोट लावलं की आत पाणी. दोन बरी निघाली. दोन सफरचंदांत काय होणार? चामोर्शीचा बाजार होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं. तू चूल मांडायला दगड गोळा करून ठेवले होतेस. रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावून सांगत होतास, "आज पोट्टी पुण्याचं गोड करून राह्यली."

मी परसात गेले. गळलेल्या कैऱ्यांतून सहा कडक कैऱ्या निवडल्या. तोडल्या नाहीत, गळलेल्या घेतल्या, असं मनाशी म्हटलं. देव झाडावरच्या मोजत असेल, खालच्या नाही, असंही म्हटलं. शिजल्यावर कोणाला कळतं, हे सगळ्यात शेवटी म्हटलं. कुडाआड बसून साली काढल्या आणि राखेच्या ढिगात पुरल्या. मला त्यात काही चूक वाटत नव्हती, तर साली पुरल्या कशाला?

त्यानंतरची दुपार मात्र, मामा, माझ्या आयुष्यातली चांगली दुपार होती. हे लिहायलाही लाज वाटते, पण होती. माझ्याकडं ओट नव्हते, म्हणून जाडे पोहे भाजून हातानं चुरले. लोणी नव्हतं, मामीनं तूप दिलं. गूळ किसला. मामीनं फडक्यात बांधलेली चारोळी काढली. दगडावर एकेक दाणा फोडून काढलेली, कोणाचं लग्न असलं तरच निघणारी. "घे," म्हणाली, "तुझ्या पुण्याच्या गोडाले आमच्या जंगलाचं काई लागू दे." बोटांच्या टोकांनी मी तूप-पीठ चोळलं, ओल्या रेतीसारखं होईपर्यंत. तू उकिडवा बसून बघत होतास.

"तळहात काऊन नाई लावत?"

"तळहात गरम असतो, मामा. तूप वितळतं. मग चुरा होत नाही, लगदा होतो."

"पाह्यलं काय," तू मामीला म्हणालास, "हे शाळेत नाई शिकवलं कोणी."

भट्टी तू केलीस. मी फक्त म्हटलं, खालून आणि वरून दोन्हीकडून सारखी आच पाहिजे. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात तू रेती पसरलीस, तीन दगड ठेवलेस, त्यावर मी माझं ताट ठेवलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खालचा जाळ तू थोड्या वेळानं ओढून काढलास. "रेती तापली का धरून ठेवते, आता वरतून दे," म्हणालास. मॅडमच्या पेटीवर काटा आहे, आकडे आहेत. तू झाकणाच्या वर हात धरून बघत होतास आणि चिमट्यानं एक निखारा इकडचा तिकडं करत होतास. तो क्रिस्प मी कमी आणि तू जास्त केलास.

मी दालचिनी दुप्पट घातली होती. वास झाकायला. तरी झाकण उचललं तसा कैरीचा आंबट वास परसभर झाला. मी घाबरले, घाईत फडकं न घेता ताटाची कड धरली आणि उजव्या हाताची तीन बोटं भाजली. झाकण पडलं, निखारे उडाले. तू माझा हात धरून मडक्यात घातलास. हात पाण्यात, तुझ्या हातात, आणि तू ताटाकडं बघत विचारलंस, "काय हाय यात?"

"सेब," मी म्हणाले.

दोन होतेच ना त्यात. अगदीच खोटं नव्हतं. मी एक वर्ष स्वतःला हेच सांगितलं.

तू थोडा वेळ माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालास, "वाढ." मी मामीलाही वाढायला गेले तर तू तिची ताटली ओढून घेतलीस. "तिले नको देऊ. शुगर हाय तिले. तिचं मले दे." मामीला साखरेचा त्रास कधीपासून? मला वाटलं, नवीन निघाला असेल, फोनवर सांगायचं राहिलं असेल. मामी तोंड उघडून काही बोलणार होती, ती गप्प झाली.

ताटली घेऊन तू आंब्याखाली गेलास. पाठमोरा उभा होतास. चिमूटभर खाली ठेवलंस, ते तर तू नेहमीच ठेवायचास. पण तेव्हा फार वेळ उभा राहिलास. मला वाटलं, गरम आहे म्हणून थांबलास. मग येऊन बसलास आणि सगळं खाल्लंस, तुझं आणि मामीचं. शेवटी ताटलीला चिकटलेला गूळ बोटानं काढलास.

"आता सांग, जेवल्यावर काऊन खातेत ते कळलं का?" मी विचारलं. मी पास झाले होते ना, माझे पाय जमिनीवर नव्हते.

"कळलं," तू म्हणालास. "भूक नसली तरी खाता आलं पाह्यजे, म्हणून."

दुसऱ्या दिवशी जीपपर्यंत पोचवायला आलास. पिशवी माझ्या हातात देताना म्हणालास, "पोट्टे, सेब लगित आंबट होते." मी म्हणाले, हो, प्रवासात तसं होतं. तू मान हलवलीस. जीपवाला हॉर्न वाजवत होता. तू हातानं दार धरून विचारलंस, "काई सांगाचं राह्यलं काय?"

मामा, तू दार उघडं धरून उभा होतास. जीपचंच नाही, ते मला आता कळतं.

मी म्हणाले, "नाही मामा, काही नाही राहिलं."

पंडुम झाला, तुझा फोन आला. आधी दम, मग तेच वाक्य. "झाला पंडुम. आता खा आंबा." आवाजात काहीही वेगळं नव्हतं. मी म्हणाले, हो मामा, आता खाईन.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाईचं पीठ लाटत होते. मी पोचले तोवर तुला मातीत ठेवलेलं होतं. रडले, मामीजवळ बसले. मग तुझ्या दिवसाचं जेवण आलं. पंगत बसली. मी भाताचं टोपलं घेऊन वाढत होते. तुझा चुलतभाऊ रैनूभाऊ पंगतीत मधोमध बसला होता, आता गावाची पूजा त्याच्याकडं आली आहे. कोणीतरी म्हणालं, माणूस धडधाकट होता, असा अचानक कसा गेला. रैनूभाऊ पत्रावळीकडं बघत बोलला, "मागच्या पंडुमाले गायताच बाजूले उभा राह्यला होता. गायत्यानंच नेम मोडला, मंग त्याले कोण वाचवंल?"

माझ्या हातातला भात तसाच राहिला. काय नेम? कधी? आणि दुसऱ्याच क्षणी कळलं, काय आणि कधी. तिथंच बोलायचं होतं. पंगतीत सगळं गाव होतं. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर पुरलं असतं. मी रैनूभाऊच्या पानावर भात घातला आणि पुढच्या पानाकडं सरकले. मी वाढत गेले, मामा. ओळ संपेपर्यंत वाढत गेले.

हात धुताना मामीनं सांगितलं. कोणाच्या हातून नेम मोडला तर तो पंडुमाच्या दिवशी कोंबडा आणि नारळ घेऊन बाजूला उभा राहतो, आपली चूक बोलून दाखवतो आणि मग गाव त्याला आत घेतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मला हे ठाऊक नव्हतं की मागच्या वर्षी त्या जागी तू उभा होतास. पूजा रैनूभाऊला करायला लावलीस. लोकांनी विचारलं तर एवढंच म्हणालास, "मी आंबा खाल्ला. कसा खाल्ला ते इचारू नका." तुला विचारणार कोण? तुझ्यापुढं कोणी बोलत नव्हतं. तू गेलास आणि सगळे बोलायला लागले.

"मामी, तुला माहीत होतं?"

"त्याले झाकण उघडाच्या आधीच मालूम होतं. निखारे फिरवता फिरवता वास येत नाई काय? मी त्याले म्हटलं, मंग खाल्लं काऊन?" मामी पदरानं हात पुसत होती, कोरडे झाले तरी पुसतच होती. "तर म्हणे, पोट्टीनं तीन बोटं जाळून घेतली. ताट वापस करू काय?"

मग म्हणाली, "आणि मले कायची शुगर व माय? माझ्या वाटचंही त्यानंच गिळलं, मले लागू नये म्हणून."

मामी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, तू आत्ता पंगतीत का नाही बोललीस? ती म्हणाली, "त्यानं नाई सांगितलं, तू नाई सांगितलं. तुमच्या मामा-भाचीच्या मधात मी काऊन बोलू?"

मी पुण्याला परत आले. आल्या आल्या मॅडमकडं आंब्याच्या पेट्या उतरलेल्या. यंदा कैरीचे क्रिस्प आहेत ऑर्डरला, माझ्याच म्हणण्यावरून. मागच्या वर्षी मीच त्यांना सांगितलं होतं, कैरी आणि गूळ फार छान लागतं. बघ, त्यातूनही मी काहीतरी कमावलंच. फोडी शिजत होत्या, मॅडम म्हणाल्या, "सगुणा, चव बघ गं, गूळ पुरे का?" चमचा उचलला आणि तोंडाशी नेता येईना. मी म्हणाले, मॅडम, यंदा मी चव घेणार नाही. गावाकडून फोन येईपर्यंत नाही. त्या आधी वैतागल्या, कामाचे दिवस आहेत. मग माझ्याकडं बघून त्यांनीच चमचा घेतला. मला वाटायचं त्यांना आपलं काही कळत नाही. मी कधी नीट सांगितलंच नव्हतं.

पोरांचा निरोप त्याच आठवड्यात आला. दोन शब्द लिही. मी पाटी पुसावी तसं चार वेळा लिहून खोडलं. मामा प्रेमळ होते, मामा देवमाणूस होते. प्रत्येक वाक्याखाली राखेत पुरलेल्या साली दिसत होत्या. शेवटी ठरवलं, लिहायचं तर हेच. आणि पुस्तिका गावात वाचली जायच्या आधी रैनूभाऊला फोन करायचा, कारण त्याला छापील कागदावरून कळावं हे बरोबर नाही.

परवा सकाळी केला. फोन ओट्यावर ठेवून बोलले. सगळं सांगितलं. सहा सडलेली सफरचंदं, सहा कैऱ्या, दुप्पट दालचिनी, साली, जीप. पंगतीत वाढत पुढं गेले तेही सांगितलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"एवढे दिवस काऊन नाई बोलली?" रैनूभाऊ म्हणाला.

"भेव वाटलं, भाऊ."

"त्याले नाई वाटलं काय, आपल्याच गावासमोर कोंबडा धरून उभा राहाले?"

मग त्याचा आवाज बदलला. "मी त्याले भर पंगतीत बोललो," म्हणाला. "त्याच्याच दिवसाचा भात खाता खाता बोललो." ते ओझं मी त्याच्यावरही टाकलं आहे, मामा. तुझ्यावर टाकलं, मामीवर टाकलं, आता त्याच्यावर.

"भाऊ, मी काय करू?"

"काय करशील? जे असते तेच. कोंबडा आन. तिकडून पुण्याचा नको आनू, चामोर्शीच्या बाजारात घे. गावासमोर उभी राय आणि आपल्या तोंडानं सांग."

"पंडुम कधी आहे?"

"तू कव्हा येतेस ते सांग, मंग सांगतो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी म्हणाले, भाऊ, कैऱ्या जून होतील, एका माणसासाठी अख्खं गाव कशाला थांबेल?

"मिरचीवाल्यांसाठी थांबतो," तो वैतागून म्हणाला, "मंग तुझ्यासाठी नाई थांबाचं काय? तू का कोण दुसऱ्या गावची हायेस?"

फोन ठेवला. त्या दिवशी अंगणात मी जे बोलले, त्याचं उत्तर तू दिलं नव्हतंस. ते असं येईल, माझ्यासाठीच गाव थांबवून येईल, हे मला कसं कळावं.

मॅडमकडं रजा मागितली आहे. त्या म्हणाल्या, ऑर्डरचं बघू. मी म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तरी जाईन. असं मी कधी कोणाला बोलले नव्हते. त्यांनी मग स्वतःच तारीख विचारली. मी रैनूभाऊला कळवली.

बोटांवरचे डाग अजून आहेत, तीन, फिकट. पीठ चोळताना रोज दिसतात. आज सकाळीही पेटीत क्रिस्प होता, घरभर कैरीचा वास होता. मी काचेतून रंग बघून बाहेर काढला, फडकं घेऊन. चव मॅडमनी घेतली.

यंदा टेकाडावर चढून मला कोणी फोन करायचा नाही, मामा. मी तिथंच असेन, तू उभा होतास त्या जागी. किती आवाज निघेल माहीत नाही, माझा आवाज शाळेतही निघत नव्हता. पण एवढं तर मागच्या ओळीला ऐकू जाईल असं सांगेन: मामानं नेम मोडला नाही, मी मोडला, त्यानं फक्त माझ्या हातचं खाल्लं. मग रैनूभाऊ कैरी कापेल, तुझ्या वाटची फोड खाली ठेवेल. त्यानंतर गाव देईल तेव्हा मी खाईन.